एडिनबरा फ्रिंज: एका दिवसात किती नाटक, किती विनोद?

तिसरी_घंटा
ऑगस्टमध्ये फ्रिंज या नाट्यमहोत्सवासाठी स्कॉटलंडमधल्या एडिनबराला जायचं इथल्या बऱ्याच जणांच्या मनात असतं आणि प्रश्नही ठरलेला असतो: "एकच दिवस आहे, काय काय बघू?" मी ग्लासगोला राहतो. सकाळच्या गाडीने जायचं, दिवसभर प्रयोग बघायचे आणि रात्रीच्या गाडीत पेंगत परतायचं, हा माझा दरवर्षीचा उद्योग. यंदाच्या अशाच एका दिवसाबद्दल लिहितो. ज्याला जे उपयोगी पडेल ते उचला.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर तिथे गेल्यावर माणूस चक्रावतो. महायुद्ध संपल्यावर १९४७ साली एडिनबरात आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. बोलावणं नसताना आठ नाटकमंडळ्या तिथे येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग लावले. फ्रिंजची सुरुवात ती. मूळ महोत्सव आजही होतो, ऑर्केस्ट्रा-ऑपेरावाला, निमंत्रितांचा. पण शहर व्यापून टाकतात ते हे आगंतुक. फ्रिंज सोसायटी म्हणून एक संस्था आहे. ती कार्यक्रमपत्रिका काढते, तिकिटं विकते, पण कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही हे ठरवत नाही. ज्याने जागा मिळवली आणि नोंदणीचे पैसे भरले तो आत. २०१९ साली यादीत ३,८४१ कार्यक्रम होते. चाळणी लावायचं काम प्रेक्षकाचं.

माझा नियम एकच: नाटक आधी, विनोद नंतर.

सकाळी समरहॉल. ही पूर्वी पशुवैद्यकीय कॉलेजची इमारत. शरीरशास्त्राच्या जुन्या व्याख्यानगृहात आता प्रयोग होतात. चढत गेलेली लाकडी बाकं आणि तळाशी एवढीशी जागा. पोरं जिथे वाकून मेलेलं जनावर बघायची, तिथे आपण वाकून नट बघतो. मी बघितलं ते एकपात्री होतं. रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घेणारी बाई, रात्रपाळी, कानाला हेडसेट. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, फक्त हिची उत्तरं. "श्वास चालू आहे का? नाही, त्याला हलवू नका. दार उघडून ठेवा." मधल्या वेळात शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीशी, जी आपल्याला दिसत नाही, तिचा पंख्यावरून वाद चालू. लोक खदखदून हसत होते आणि त्या हशातच पुढचा फोन वाजायचा. हशा विरायची वाट न बघता ती फोन उचलायची, आपलं हसू तोंडातच राहायचं. हा टायमिंगचा खेळ तिने तासभर एका खुर्चीवर बसून केला. नेपथ्य काय, तर तेवढी खुर्ची.

असलं काही बघायला डोकं ताजं लागतं. हेच नाटक रात्री नऊला, चार प्रयोग बघून झाल्यावर बघितलं असतं तर मी फक्त खुर्ची बघितली असती.

दुपारी रॉयल माईलवर गेलो. पावसात भिजलेली विद्यार्थी मंडळी पत्रकं वाटत असतात. त्यातल्या एका मुलीने "आमचं नाटुकलं वाईट आहे, पण लहान आहे" असं सांगितलं. इतका प्रामाणिक प्रचार ऐकल्यावर जाणं भाग होतं. स्केच कॉमेडी होती, म्हणजे छोटे छोटे विनोदी प्रवेश. एका हॉटेलची बैठकीची खोली, काळे पडदे लावलेले, प्रेक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विनोद बरे होते. पण रिकाम्या खोलीत विनोदाचं जे होतं ते झालं: प्रत्येक जण हसायच्या आधी शेजारच्याकडे बघत होता. नाटक थोड्या प्रेक्षकांत तगतं, कधीकधी जास्तच चांगलं होतं. विनोदाला माणसं लागतात, एकमेकांना खेटून बसलेली.

त्यामुळे संध्याकाळ सगळी कॉमेडीला. एका पबच्या तळघरात फुकटचं स्टँडअप, मग एका मोठ्या नावाच्या बाईचा तिकीट काढून बघितलेला कार्यक्रम. मोठं नाव छान होतं, गुळगुळीत होतं. तळघरातला माणूस मात्र अजून डोक्यात आहे. आपल्या वडिलांनी घराच्या दुरुस्तीसाठी ठेवलेल्या वह्या तो वाचून दाखवत होता. तारखेनिशी नळाची गळती. वीस मिनिटं फक्त नळ! आणि खोली अक्षरशः लोळत होती.

बाकी विचारा.

नांदी
मस्त! वाचतेय. फुकट म्हणजे खरंच फुकट?

तिसरी_घंटा
@नांदी, आत जायला फुकट. संपल्यावर कलाकार स्वतः बादली घेऊन दाराशी उभा राहतो. आता बादलीबरोबर कार्डाचं यंत्रही असतं, म्हणजे "सुटे नाहीत" ही पळवाटही गेली. पाचाची नोट रीतीला धरून आहे, आवडलं तर दहाची. पीटर बकली हिल नावाच्या कॉमेडियनने १९९६ मध्ये 'फ्री फ्रिंज' सुरू केली ती याच हिशेबावर: कलाकाराने जागेचं भाडं भरायचं नाही, प्रेक्षकाने तिकीट काढायचं नाही. पब खूश, कारण माणसं पिणार. नंतर दुसऱ्यांनीही तीच पद्धत उचलली. काही ठिकाणी आता पाच पौंड देऊन जागा राखता येते, नाहीतर जागा असेपर्यंत आत सोडतात.

मागची_रांग
लेख आवडला, नियम आवडला नाही. :)

मी एडिनबरातच राहते आणि एका ठिकाणी दाराशी उभं राहून तिकिटं तपासायचं काम केलेलं आहे. दाराशी उभं राहिलं की एकच प्रयोग रोज बघायला मिळतो, त्यामुळे सांगते. स्टँडअप दुपारी बघावं. दुपारचा प्रेक्षक शुद्धीत असतो, ऐकायला आलेला असतो. जो कॉमेडियन दुपारी तीनला कथा सांगत, थांबत, वळणं घेत बोलायचा, तोच रात्री अकराच्या सामायिक कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या दारुड्यांना गप्प करण्यात आपली दहा मिनिटं घालवायचा. तुमच्या त्या नळवाल्याला रात्री साडेअकराला उभं करा. दुसऱ्या गळतीलाच कोणीतरी ओरडेल.

क्रमापेक्षा महत्त्वाचं आहे ते अंतर आणि उंची. उंची म्हणजे काय ते सांगते. नकाशावर काउगेट हा रस्ता जॉर्ज फोर्थ ब्रिजला छेदताना दिसतो. माणूस म्हणतो, दोन मिनिटं. प्रत्यक्षात काउगेट त्या पुलाच्या खालून जातो! तुम्ही वर, तुमचं नाटक खाली, आणि मध्ये जिना कुठे आहे ते शोधायचं. साउथ ब्रिजचंही तसंच. अंडरबेली या आयोजक कंपनीची काउगेटची जागा म्हणजे वरच्या सेंट्रल लायब्ररीच्या पोटातल्या दगडी कमानी. ओल, उकाडा आणि भिंतीतून पाणी. पुढे टीव्हीवर गाजलेलं 'फ्लीबॅग' हे नाटक २०१३ मध्ये पहिल्यांदा झालं ते याच तळघरांत, तेव्हा ओलीला नावं ठेवायची सोय नाही.

आणि उशीर झाला तर आत सोडत नाहीत. यात दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा दुष्टपणा नसतो. एकाच खोलीत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ओळीने प्रयोग लागलेले असतात. एक संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत जुन्यांचं सामान बाहेर, नव्यांचं आत, झाडू, प्रेक्षक बसवणं. म्हणून तर नेपथ्य एक खुर्ची! ती कलादृष्टी वगैरे कमी, आणि दहा मिनिटांत उचलता येते हे जास्त. बऱ्याच खोल्यांना एकच दार असतं, ते रंगमंचाच्या बाजूला. उशिरा येणारा थेट प्रवेशातच घुसतो.

दोन प्रयोगांत किमान पाऊण तास ठेवा. शक्य तर दिवसाचे दोन भाग करा: सकाळी एक भाग शहराचा, संध्याकाळी दुसरा. प्लेझन्स ते ट्रॅव्हर्स अशी, दूरदूरच्या दोन थिएटरांत, पळापळ करू नका.

पडद्यामागचा
पुरुषोत्तम करंडकाचे दिवस आठवले. तासाभराची एकांकिका, आधीच्या कॉलेजचा सेट निघतोय तोवर आपली पोरं खिळे घेऊन विंगेत तयार. फरक एवढाच की तिथे निदान परीक्षक असतात. इथे तिसरी_घंटा म्हणतात तसं कोणीही यावं आणि प्रयोग करावा. याला महोत्सव म्हणायचं की जत्रा? मी एकदा मुलीकडे आलो असताना गेलो होतो. जे बघितलं त्यातलं निम्मं शाळेच्या स्नेहसंमेलनातही घेतलं नसतं.

तिसरी_घंटा
@पडद्यामागचा काका, जत्राच. आणि जत्रेत पाळणाही असतो, बुवाबाजीही.

पण परीक्षक नसल्याचा फायदा बघा. १९६६ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी टॉम स्टॉपर्ड नावाच्या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या लेखकाचं 'रोझेनक्रान्ट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड' फ्रिंजवर केलं. पुढच्याच वर्षी ते लंडनच्या नॅशनल थिएटरकडे गेलं. हॅम्लेटमधल्या दोन किरकोळ पात्रांनी नाटकभर नाणं उडवत गप्पा मारायच्या, ही कल्पना घेऊन एखादं कॉलेज निवड समितीपुढे गेलं असतं तर काय झालं असतं ते तुम्हीच सांगा, तुम्ही समित्या बघितल्या आहेत.

ज्यांना चाळलेलंच हवं त्यांच्यासाठी ट्रॅव्हर्स आहे. १९६३ पासूनचं थिएटर, नव्या लेखनासाठी नावाजलेलं, तिथला कार्यक्रम ते स्वतः निवडतात. तिथे डोळे मिटून तिकीट काढावं. फक्त एक लक्षात ठेवा: इतर ठिकाणी एक प्रयोग रोज एकाच वेळेला असतो, ट्रॅव्हर्समध्ये वेळा दिवसागणिक बदलतात.

@मागची_रांग, जिन्याबद्दल शंभर टक्के. दुपारच्या कॉमेडीबद्दल अर्धंच मान्य. दुपारी शुद्धीतला प्रेक्षक असतो खरा, पण असतो का, हा प्रश्न आहे. मी गेलो त्या स्केचवाल्यांना शुद्धीतले आठ मिळाले, त्याऐवजी झिंगलेले ऐंशी त्यांनी हसत घेतले असते.

मागची_रांग
स्केच आणि स्टँडअपमध्ये गल्लत होतेय. स्केचमध्ये चौथी भिंत असते, म्हणजे नट प्रेक्षक समोर नसल्यासारखे वागतात; त्याला गर्दी लागते. स्टँडअपवाला आठ जणांत खुर्ची ओढून बसतो आणि गप्पा मारतो. मी बघितलेले सगळ्यात चांगले तास असेच आहेत. संहिता बाजूला राहते, आणि ज्याला खरंच बोलता येतं तो कळतो.

ओली_छत्री
सगळ्यांना नमस्कार. माझी आई यंदा येणार आहे. वय सत्तरीच्या आसपास, गुडघ्यांचा त्रास, नाटकाचं प्रचंड वेड. इंग्रजी नाटक समजतं, पण स्टँडअपमधले तिकडचे संदर्भ, राजकारण, टीव्ही वगैरे डोक्यावरून जातं (माझ्याही!). जिने आणि तळघरं वाचून जरा धडकीच भरली. तिला नेऊ का?

मागची_रांग
@ओली_छत्री, आईंना जरूर आणा. मात्र जागा बघून तिकीट काढा. फ्रिंजच्या संकेतस्थळावर प्रत्येक ठिकाणाच्या पानावर पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, हे दिलेलं असतं. सोसायटीकडे यासाठी वेगळी बुकिंग सेवा आहे. फोन केला तर माणूस बोलतो आणि नीट सांगतो. जुन्या शहरातल्या बऱ्याच इमारतींना लिफ्ट बसवताच येत नाही, त्यामुळे हे आधीच बघावं लागतं. जॉर्ज स्क्वेअरच्या भोवती मुक्काम ठेवा. जागा सपाट आहे, मोठे तंबू आणि विद्यापीठाची सभागृहं जवळजवळ आहेत. रॉयल माईल चढाची आणि दगडी फरसबंदीची आहे. संध्याकाळी किल्ल्यावरच्या लष्करी संचलनाची, टॅटूची, गर्दी उतरते तेव्हा तिथे आईंना नेऊ नका.

रांगेत उभं राहावं लागतं. बहुतेक ठिकाणी आसनक्रमांक नसतात. पण दाराशी जाऊन "उभं राहवत नाही" एवढं सांगा, आधी आत बसवतात. यात संकोच करू नका.

तिसरी_घंटा
संदर्भांचं म्हणाल तर शब्दांवर न चालणारा विनोद शोधा. विदूषकी, मूकाभिनय, वस्तूंशी खेळणं, सर्कस. कार्यक्रमपत्रिकेत त्याचा वेगळा विभाग आहे आणि फ्रिंजचा खरा खजिना बऱ्याचदा तिथे असतो. इम्प्रोव्ह, म्हणजे ऐनवेळी रचलेला विनोद, तोही चालेल, कारण संदर्भ प्रेक्षकच देतात. विद्यापीठाचे विद्यार्थी चालवतात ते बेडलम थिएटर बघा. पूर्वीचं चर्च आहे, तिथली इम्प्रोव्हवाली पोरं चांगली असतात. मात्र त्यांचा प्रयोग रात्री उशिरा असतो.

शिवाय सगळं स्टँडअप तिकडचंच असतं असं नाही. २०२३ चा कॉमेडीचा मुख्य पुरस्कार अहीर शाहला मिळाला. भारतीय वंशाचा ब्रिटिश कॉमेडियन, आणि कार्यक्रम होता आजोबांच्या स्थलांतराबद्दल. आईंना त्यातलं काही समजावून सांगावं लागलं नसतं.

एक सूचना: स्टँडअपला पहिल्या रांगेत बसू नका. "नाव काय, काय करता?" विचारतात. माझ्या शेजारच्या देशी तरुणाने "आयटी" म्हटल्यावर कॉमेडियन नुसता सुस्कारा सोडून पुढच्या माणसाकडे वळला. सगळ्यात मोठा हशा तोच.

नांदी
मेले! :D

पडद्यामागचा
पुरस्कारांचं निघालंच आहे म्हणून विचारतो. प्रत्येक पोस्टरवर चार-पाच तारे चिकटवलेले असतात. सगळेच पाच तारे कसे?

तिसरी_घंटा
तारे कोणी दिले ते बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाचा. मोठ्या दैनिकाचे चार तारे आणि कोणाच्या तरी ब्लॉगचे पाच तारे एकाच आकारात छापतात. मंडळी रात्रीत तारे कापून सकाळी पत्रकांना स्टेपल करतात, ते मात्र बघण्यासारखं असतं.

पुरस्काराला थोडा अर्थ आहे. १९८१ मध्ये पहिला दिला गेला, तेव्हाचं नाव पेरिए. तो मिळाला केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या चमूला. त्यात स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी आणि एमा थॉम्प्सन होते. परीक्षकांची नजर बरी होती म्हणायची. पण पुरस्कार जाहीर होतो महिन्याच्या शेवटाकडे, तोवर तुमचा दिवस होऊन गेलेला असतो. खरी बातमी रांगेत मिळते. शेजारच्याला "आज काय बघितलंत?" एवढं विचारायचं. एडिनबरात ऑगस्टमध्ये अनोळखी माणसाशी बोलायला याहून जास्त काही लागत नाही.

विंगेतून
आतापर्यंत नुसता वाचत होतो, पण पैशाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. मी एका चमूबरोबर प्रकाशयोजनेसाठी गेलो होतो. प्रेक्षकाला बारा-पंधरा पौंडांचं तिकीट दिसतं. चमूला दिसतं ते असं: नोंदणी, जागेची हमी रक्कम (तिकिटं खपोत न खपोत, जागेच्या मालकाला द्यायचीच ती), पत्रकांची छपाई, आणि सगळ्यात वर घरभाडं. ऑगस्टमध्ये खोल्यांचे भाव असे चढतात की आम्ही लांबच्या उपनगरात एका फ्लॅटमध्ये गाद्या टाकून झोपायचो. तिकिटाचे पैसे बऱ्याच ठिकाणी ६०-४० वाटले जातात, साठ चमूला. पण हमीची रक्कम आधी वळती होते. बहुतेक जण पैसे घालवूनच परततात आणि हे माहीत असूनच येतात. एखादा निर्माता बघेल, एखादा दौरा मिळेल, या आशेवर.

आमच्या प्रयोगाला एकदा तीन जण होते. त्यातला एक चुकून आला होता. त्याला दुसऱ्या खोलीत जायचं होतं, पण उठायचा धीर झाला नाही. शेवटपर्यंत बसला आणि बाहेर पडताना त्याने आमच्या दिग्दर्शिकेला शेवटच्या प्रवेशातल्या प्रकाशाबद्दल एक प्रश्न विचारला. माझ्या कामाबद्दल त्या महिन्यात कोणी काही विचारलं असेल तर तेवढंच!

म्हणून विनंती: सगळं बुकिंग आधी करून येऊ नका. एक तासाची जागा रिकामी ठेवा आणि रस्त्यात ज्याने पत्रक दिलं त्याच्याकडे जा.

मागची_रांग
@विंगेतून, +१. आणि पत्रक घ्यायचं नसेल तर "नको, धन्यवाद" म्हणा. घेऊन कोपऱ्यावरच्या पेटीत टाकू नका. त्यांना दिसतं ते.

ओली_छत्री
खूप धन्यवाद सगळ्यांना. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, खुर्चीवाल्या बाईचं नाटक हवं, बाकी तुम्ही ठरवा. सकाळी नाटक आणि दुपारी तीनला स्टँडअप असं धरतेय, म्हणजे दोघांचंही ऐकल्यासारखं. बुधवार धरला तर चालेल का? आणि हवं ते तिकीट संपलं असेल तर?

मागची_रांग
बुधवार चालेल, पण बहुतेक चमू महिनाभरात एखादा दिवस सुट्टी घेतात आणि ती बहुतेक आठवड्याच्या मधल्या दिवसांत असते. प्रयोगाच्या पानावर तारखा दिलेल्या असतात, त्यात बुधवार आहे ना ते बघा. ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला आलात तर पहिले काही प्रयोग 'प्रिव्ह्यू' म्हणून स्वस्त असतात. तेव्हा नट अजून वाक्यं शोधत असतात, पण गर्दी कमी असते आणि आईंच्या गुडघ्यांना तेच बरं. त्यानंतरच्या सोमवार-मंगळवारी बऱ्याच ठिकाणी एका तिकिटावर दोघं जातात. द माउंडवर अर्ध्या किमतीच्या तिकिटांची टपरी असते, तिथेही डोकावा.

तिकीट संपलं असेल तर प्रयोगाच्या आधी अर्धा तास तिकीटखिडकीवर जाऊन परत आलेल्या तिकिटांची रांग विचारा. एकटा माणूस बहुतेक वेळा आत जातो. दोन मिळायला नशीब लागतं, त्यामुळे आईंचं तिकीट आधी काढून ठेवा आणि तुम्ही रांगेत उभ्या राहा.

ओली_छत्री
म्हणजे ती आत आणि मी बाहेर. तिला हे सांगितलं. लगेच म्हणाली, "चालेल."